'एकच कंपनी धरा' हा सल्ला नेमका कुणाच्या सोयीचा?

कापूरबावडीकर
सोसायटीच्या ग्रुपवर काल एका सद्गृहस्थांनी फतवा काढला: "स्मार्ट होम करायचं तर सगळं एकाच कंपनीचं घ्या. चार ठिकाणचं गोळा करणारे शेवटी रडतात." खाली लगेच बारा अंगठे. तिथे उत्तर दिलं असतं तर ॲडमिनने 'इथे फक्त पाणी आणि पार्किंग' म्हणत उडवलं असतं, म्हणून इथे लिहितोय.

मी एकाच कंपनीचं घेतलं होतं हो! घोडबंदर रोडच्या घराचा ताबा मिळाला तेव्हा चौदा स्मार्ट स्विच आणि त्यांना फोनशी जोडणारा एक डबा, म्हणजे हब, सगळं एकाच छापाचं. तीन वर्षांत कंपनीने ॲपकडे बघणंच सोडलं. नवा फोन घेतला तर त्यात ते ॲप बसेना. हब आता शू-रॅकवर पडलाय, निळा दिवा मात्र इमानेइतबारे लुकलुकतो.

आणि ही माझ्या एकट्याची रड नाही. रिव्हॉल्व नावाचा असाच हब नेस्ट कंपनीने आधी विकत घेतला आणि २०१६ मध्ये बंद केला. लोकांच्या घरात नुसता डबा उरला. इन्स्टिऑन या स्मार्ट होम कंपनीचे सर्व्हर एप्रिल २०२२ मध्ये अचानक गपगार झाले. म्हणून दुकानात मी आता दोनच गोष्टी विचारतो: इंटरनेट गेलं तर चालतं का? आणि उद्या ॲप बदललं तर हेच स्विच त्यात जोडता येतील का? मॅटर हे सगळ्या कंपन्यांच्या स्मार्ट वस्तूंसाठीचं समान मानक २०२२ च्या ऑक्टोबरात आलं ते याचसाठी. एकच स्विच एका वेळी दोन-तीन कंपन्यांच्या ॲपमध्ये नांदतो. कंपनीशी लग्न लावायची गरज नाही.

खारघरचा_चहावाला_इंजिनिअर
इन्स्टिऑन दोनेक महिन्यांत त्याच्या ग्राहकांनीच विकत घेऊन परत चालू केलं, तेवढं बरं सोयीस्कर विसरलात.

तुमच्यासारख्याच एकाने माझ्या दाजींना होम असिस्टंटच्या, म्हणजे घरच्या घरी स्वतः चालवायच्या सॉफ्टवेअरच्या, नादी लावलं. रास्पबेरी पाय नावाचा चिमुकला कॉम्प्युटर, त्याला झिगबी वायरलेसची काडी, यूट्यूब बघून रात्रीची जागरणं. दाजी ऑनसाइट गेले आणि इकडे एसडी कार्डाने मान टाकली. मे महिना, एसी लागेना, कारण त्याचा रिमोट 'आता काय लागतोय' म्हणून माळ्यावर. ताई स्टुलावर उभी राहून दिवाळीच्या आकाशकंदिलामागे रिमोट शोधतेय आणि दाजी व्हिडिओ कॉलवर कमांड सांगताहेत! कंपनीशी लग्न न लावण्याचा मोकळेपणा तुमच्याकडेच ठेवा. मला एक ॲप आणि एक कस्टमर केअर नंबर पुरे.

कापूरबावडीकर
बॅकअप न घेणारे दाजी तुमचे, दोष माझा?

नौपाड्याची_सून
तुम्ही दोघं ॲपवरून भांडा. आमच्या सासूबाई झोपायच्या आधी घरभर फिरून सगळी बटणं बंद करतात. त्यात स्मार्ट बल्ब आले, राउटरही आला. पहाटेचा अलार्म-दिवा कधी लागलाच नाही. मी टेप लावला, तर म्हणाल्या, "बटणाला पट्टी कसली, शॉक बसतो का?"

ऐरोलीचा_वायरमन
ताई, चूक बल्ब घेण्यात आहे. बोर्डाच्या मागे छोटं स्मार्ट स्विचचं मॉड्यूल टाका. सासूबाईंनी बटण दाबलं तरी चालतं, तुम्ही फोनवरून केलं तरी चालतं. फक्त बोर्डात न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, हवा. ज्या बोर्डावर सॉकेट आहे तिथे मिळतो, नुसती बटणं असतील तिथे बिल्डर बहुतेकदा फेजच, म्हणजे करंट आणणारी तारच, आणून सोडतो. खरा घोळ इथे आहे, मॅटर-बिटर नंतर बघू.

खारघरचा_चहावाला_इंजिनिअर
बिन-न्यूट्रलचे स्विच मिळतात की.

ऐरोलीचा_वायरमन
मिळतात. मग बंद केलेला एलईडी रात्रभर मिणमिणतो आणि गिऱ्हाईक मला 'घरात काहीतरी आहे' म्हणून फोन करतं. तो स्विच दिव्यातूनच थोडा करंट ओढून जिवंत राहतो. दिव्याला कपॅसिटर लावला की थांबतं, पण ते पाकिटावर छापलेलं कुणी वाचत नाही.

खारघरचा_चहावाला_इंजिनिअर
आमच्या माणसाने अर्थिंगमधून न्यूट्रल काढून दिला. वर्षभर काहीही झालं नाही.

ऐरोलीचा_वायरमन
काहीही झालं नाही!! साहेब, नावात इंजिनिअर लावता आणि हे चारचौघांत लिहिता? अर्थची तार कुठे सैल झाली तर तुमच्या गिझरच्या अंगावर करंट येईल. मॉड्यूल वाढत गेली की ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, कधी पडेल नेम नाही, आणि मग तुमचा तोच माणूस 'आरसीसीबी खराब आहे' म्हणून ती काढून टाकेल. ते आधी बंद करा, मग 'एकच कंपनी' यावर प्रवचन द्या.

खारघरचा_चहावाला_इंजिनिअर
आवाज खाली. मी केलं नाही, करून घेतलं.

कापूरबावडीकर
धागा माझा होता असं पुसटसं आठवतंय.

नौपाड्याची_सून
हो हो, तुमचाच. पण मला एक कळलं नाही, तुम्ही स्वतः आता काय वापरता?

कापूरबावडीकर
हॉलचे चार स्विच मॅटरचे. पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, त्यांना रेग्युलेटर चालत नाही, म्हणून रिमोटच. बेडरूमला अजून जुनेच स्विच, हाताने दाबतो. आणि... गिझर एकाच कंपनीच्या ॲपवर चालणाऱ्या प्लगवर आहे. १६ अँपिअरचा भरवशाचा तोच मिळाला.

खारघरचा_चहावाला_इंजिनिअर
म्हणजे दोन ॲप आणि एक रिमोट. अभिनंदन! बाकी मॅटरचं दोन ॲपमध्ये चालणं खरं असेल तर पुढच्या वेळी बघेन. बघेन म्हटलंय, घेईन नाही.

नौपाड्याची_सून
वायरमनदादा, नौपाड्यात येता का? जुनी बिल्डिंग, चौथा मजला, लिफ्ट नाही. दर खासगी निरोपाने कळवा. आणि मॉड्यूल लावल्यावर बटणं दिसायला तशीच राहतील ना? सासूबाईंना कळता कामा नये.