रिची जर्सी जॅककडे: वयाचं काय घेऊन बसलात?
पिनबॉल मशीन डिझाइन करणारा स्टीव्ह रिची २०२१ मध्ये स्टर्न ही पिनबॉल कंपनी सोडून जर्सी जॅक या दुसऱ्या कंपनीकडे गेला म्हटल्यावर 'सत्तरी ओलांडली, आता काय नवीन देणार' असं जे चाललं होतं ते मला अजिबात पटलं नाही. अरे, या माणसाने १९८० मध्ये ब्लॅक नाइट या मशीनला दोन मजली प्लेफील्ड (बॉल फिरतो तो पृष्ठभाग) दिलं, १९८६ ला हाय स्पीड हे मशीन केलं आणि २०१९ मध्ये स्टर्नसाठी तोच ब्लॅक नाइट नव्याने उभा केला! त्याच्या मशीनवर बॉल रॅम्पवरून सुसाट फिरून थेट फ्लिपरवर (बॉल मारायच्या दांड्यावर) येतो, थांबायचं नाव नाही, लगेच पुढचा शॉट, हा फ्लो दुसऱ्या कुणाला एवढा जमलेला नाही (दुसरा डिझायनर पॅट लॉलर, त्याचे चाहते चिडतील, पण त्याच्या मशीनची मजा वेगळी, तिथे थांबून नेम धरायचा असतो). जर्सी जॅकचं म्हणाल तर मोठा स्क्रीन, भरपूर टॉइज (प्लेफील्डवर बसवलेली खेळणी), त्यांचं विझर्ड ऑफ ऑझ हे मशीन तर वाइडबॉडी, म्हणजे नेहमीपेक्षा रुंद, सगळं देखणं पण बॉल रेंगाळतो असं मला कायम वाटत आलंय, म्हणून तर ही जोडी जमायलाच हवी होती. फक्त त्याच्या प्लेफील्डवर सामान कोंबू नका रे, आणि रूल्स (कुठल्या शॉटला काय मिळतं ते) लिहायला तगडा माणूस द्या.