‘वॉकिंग डेड’ पाचवा? आधी खेळा, मग यादी करा

रामबागकर
काल ग्रुपवर मल्हारगंज_८ ने भागाभागाने आलेल्या कथाप्रधान गेम्सची यादी टाकली. पहिला लाइफ इज स्ट्रेंज, मग वुल्फ अमंग अस, टेल्स फ्रॉम द बॉर्डरलँड्स, केंटकी रूट झीरो आणि शेवटी, पाचव्या नंबरावर, वॉकिंग डेडचा पहिला सीझन. खाली एका ओळीत कारण दिलंय : ‘टेलटेलच्या निवडी खोट्या, काहीही निवडा, होतं तेच.’ (टेलटेल म्हणजे वॉकिंग डेड, वुल्फ आणि बॉर्डरलँड्स बनवणारी कंपनी; निवडी म्हणजे पात्राने काय बोलायचं, काय करायचं ते आपण ठरवतो ते.) हे वाक्य वर्षानुवर्षं ऐकतोय आणि दर वेळी डोकं फिरतं. आज सविस्तर लिहितोच.

वॉकिंग डेडचा दुसरा भाग आठवा. मेलेले उठून जिवंतांना खातात, असं ते जग. ली म्हणजे आपण खेळतो तो नायक. लीच्या हातात खायच्या चार वस्तू आहेत. अर्धं सफरचंद, बिस्किटं, सुकवलेलं मांस, असलं काहीतरी. आणि भुकेली तोंडं त्याहून कितीतरी जास्त. मी हा गेम आजीबरोबर खेळलो. तिला इंग्रजी येत नव्हतं. मी प्रत्येक वाक्य मराठीत सांगायचो, काय करायचं ते ती सांगायची. पहिलं क्लेमेंटाइनला, दुसरं डकला, पोरं आहेत म्हणून. तिसरं लॅरीला द्यायला लावलं. ज्या लॅरीने आदल्या भागात लीला ठोसा मारून मरायला टाकलं होतं, त्या लॅरीला! मी म्हटलं, आजी, हा माणूस नीच आहे. ती म्हणाली, ‘असेल. पण म्हातारा आहे. त्याला उपाशी ठेवून आपण नाही जेवायचं.’

पुढे त्या मांसाच्या कोठीत लॅरी कोसळतो. गटातला केनी म्हणतो हा गेला, आता उठून आपल्यालाच खाईल. लिली रडत बापाची छाती दाबतेय. आजी ओरडत होती, ‘दाब, तूही दाब!’ दाबली. केनीने मिठाची लादी टाकलीच. लॅरी मेलाच. म्हणजे यादीवाल्याच्या हिशोबाने निवड खोटी.

पण तिसऱ्या भागात केनीच्या मुलाला, डकला, चावा बसतो, त्याची आई स्वतःला गोळी घालते, आणि आता पोराला कोण मारणार, बाप की ली, हे ठरवायचं असतं. लॅरी गेल्यापासून आजी केनीचं नावसुद्धा घेत नव्हती. मला वाटलं, म्हणेल करू दे त्यालाच. ती बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, ‘बापाच्या हातून नको.’ डक दोन्ही वाटांनी मरतो. तरीही ती निवड खोटी होती असं माझ्यासमोर कुणी म्हणू नये. माझ्या लेखी या गेम्सची प्रत यावरच ठरते : हे आपल्याकडून काय ठरवून घेतात, आणि ठरवल्यावर पुढचा भाग येईपर्यंत आपण ते मनात बाळगतो की नाही. शेवट किती प्रकारचे आहेत हे मोजून नाही.

मल्हारगंज_८
आजींना नमस्कार. पण भावना आजींच्या आणि श्रेय टेलटेलला, हे कसं? वॉकिंग डेडच्या पहिल्या भागाच्या शेवटी डग किंवा कार्ली, गटातल्या या दोघांपैकी एकालाच वाचवता येतं. लोकांनी त्यावर किती भांडणं केली! आणि तिसऱ्या भागात, जो वाचला असेल त्याला लिली गोळी घालते. दोघांपैकी कुणीही असो, जागा तीच, मरण तेच. लेखकांना दोन माणसांच्या दोन गोष्टी लिहायच्या नव्हत्या, म्हणून पाटी पुसली. याला मी फसवणूक म्हणतो.

लाइफ इज स्ट्रेंजमध्ये दुसऱ्या भागात नायिका मॅक्सची वर्गमैत्रीण केट जीव द्यायला गच्चीवर उभी असते. तोवर मॅक्स प्रत्येक चूक वेळ मागे नेऊन सुधारत आलेली असते. तिथे ती ताकद संपते. आता केटचा फोन तुम्ही उचलला होता का, तिच्या खोलीत काय काय नीट बघितलं होतं, तिच्या घरच्यांबद्दल काय लक्षात ठेवलं, यावर ती वाचते किंवा वाचत नाही. खरोखर वाचत नाही. पुढच्या भागांत ती एक तर असते किंवा नसते. याला म्हणतात परिणाम. तो गेम बनवणाऱ्या डोंटनॉडने २०१५ मध्ये हे केलं आणि म्हणून तो पहिला. पाचही गेम मी शेवटपर्यंत बघितलेत, उगाच लिहिलेलं नाही.

सराफा_साडेअकरा
‘बघितलेत’ म्हणजे?

आणि रामबागकर, स्पॉयलरची, म्हणजे पुढची गोष्ट फुटेल याची, सूचना टाकायला काय जातं? माझा भाचा आत्ता तिसऱ्या भागावर आहे.

मल्हारगंज_८
लाइफ इज स्ट्रेंज आणि बॉर्डरलँड्स खेळलो. बाकीचे यूट्यूबवर पूर्ण बघितले. गोष्ट तीच, संवाद तेच. काय फरक पडतो?

रामबागकर
सराफा, २०१२ चा गेम आहे, तरी भाच्यासाठी माफ कर, वर सूचना टाकतो.

मल्हारगंज, काय फरक पडतो विचारतोस? मग हे आधी यादीच्या वर लिहायचं होतं! अनंत चतुर्दशीला आपल्या इंदुरात जेल रोडपासून राजवाड्यापर्यंत रात्रभर उभं राहून झांक्या (चित्ररथ) बघणारा आणि सकाळी मोबाइलवर व्हिडिओ बघणारा, दोघांनी तेच बघितलं म्हणशील का? टेलटेलच्या गेममध्ये उत्तराखाली वेळेची पट्टी आक्रसत जाते. तेवढ्या वेळात बोललं नाहीस तर गप्प राहणं हेच तुझं उत्तर, आणि समोरचा ते लक्षात ठेवतो. ती पट्टी व्हिडिओत दिसते, पण तुझ्यासाठी ती आक्रसत नाही. घाम दुसऱ्याला फुटतो. डगला वाचवायचं की कार्लीला, हे तू ठरवलंसच नाहीस. तुला फक्त कळलं की पुढे दोघंही मरतात. मग निवड खोटी वाटेल नाहीतर काय!

तिलकनगर_ताई
मी सहसा इथे लिहीत नाही, पण हे वाचून राहवलं नाही.

रामबागकर, २०१३ साली माझ्याकडे कॉलेजचा जुना लॅपटॉप होता, त्यात ग्राफिक्स कार्ड नाही. स्टीमवर, म्हणजे गेम्सच्या ऑनलाइन दुकानात, किमती डॉलरमध्ये, रुपयांत त्या २०१५ च्या अखेरीस आल्या. घरात क्रेडिट कार्ड एकट्या बाबांकडे, आणि गेमसाठी ते द्या म्हणायची हिंमत माझ्यात नव्हती. भाऊ मित्रांकडे जाऊन खेळायचा, रात्री दहाला परत आला तरी कुणी विचारायचं नाही. मी कुणाकडे जाणार होते? नेटला महिन्याची मर्यादा, ती संपली की व्हिडिओ अडकत अडकत चालायचा. मी वुल्फ अमंग अस तसाच बघितला, सगळ्यात कमी दर्जाच्या चित्रात, हेडफोन लावून, घर झोपल्यावर. प्रत्येक निवडीला व्हिडिओ थांबवायचे, माझं उत्तर वहीत लिहायचे आणि मग पुढे जायचे. नायक बिगबीने त्या पडलेल्या ट्वीडल-डमला मारावं की सोडावं, यावर मी अर्धा तास बसले होते. आणि आता तुम्ही मला सांगणार की मला घाम फुटला नाही?

आणि तुमची आजी तरी कुठे माउस धरून बसली होती?

सराफा_साडेअकरा
ताईंनी बरोबर धरलं.

रामबागकर
ताई, माउस माझ्या हातात होता, पण ठरवत ती होती. ती म्हणाली तसंच झालं. यूट्यूबवर तुम्ही वहीत ‘सोड’ लिहिलंत आणि त्या खेळणाऱ्याने मारलं, तर पुढची गोष्ट तुमची राहिली का? हा फरक मी सोडणार नाही.

वहीचं मात्र मान्य आहे. थांबवून, उत्तर लिहून बघणाऱ्याला मी ‘नुसतं बघणारा’ म्हणणार नाही. तसं बघणारे किती असतात, हा प्रश्न वेगळा.

तिलकनगर_ताई
किती असतात ते तुम्हाला कसं माहीत असणार? आम्ही इथे लिहितो कुठे? लिहिलं की पहिला प्रश्न ‘स्वतः खेळलात का’. दुसरा प्रश्न ‘नवऱ्याचा अकाउंट का’.

मल्हारगंज_८
ताई, धन्यवाद. आणि रामबागकर, हे लक्षात घे, २०१३-१४ मध्ये इंदुरात हे गेम खेळलेल्यांतले बरेच जण जेल रोडवरून आणलेल्या डीव्हीडीवर खेळलेत. त्यात भाग एक-दोनच असायचे, कधी फाइल खराब, कधी सेव्ह, म्हणजे साठवलेला खेळ, पुढे जायचाच नाही. सेव्ह गेला की पुढच्या भागात गेम आपल्या निवडी स्वतःच ठरवायचा. तेव्हा ‘खेळलो’ म्हणणारे सगळे आपापल्या निर्णयांनिशी शेवटापर्यंत गेले, असं समजू नकोस.

रामबागकर
विकत घेतला होता मी. मामाच्या कार्डावर.

मल्हारगंज_८
मामा सगळ्यांना नसतात.

सराफा_साडेअकरा
भांडा, पण एक लिहू द्या. भागाभागाने विकण्याबद्दल बोलायचं तर हाफ-लाइफचं नाव कसं कुणी घेत नाही? एपिसोड वन २००६, एपिसोड टू २००७, शेवट हँगरमधल्या त्या प्रसंगावर, आणि तिसरा भाग आजतागायत नाही. मी तेव्हा नववीत होतो, आता माझा मुलगा शाळेत जातो. भाग विकायचे आणि गोष्ट अर्धी सोडायची, ही सवय तिथून लागली.

रामबागकर
तो नेमबाजीचा गेम आहे. वेगळा धागा काढ.

सराफा_साडेअकरा
नाही काढत. मुद्दा भरवशाचाच आहे. वुल्फ अमंग असचा पहिला भाग ऑक्टोबर २०१३ मध्ये आला, दुसरा थेट फेब्रुवारीत. तोवर अर्धे संशयित कोण होते ते विसरायला झालं. आणि सप्टेंबर २०१८ मध्ये टेलटेलने एका दिवसात अडीचशेच्या आसपास लोकांना घरी पाठवलं, भरपाई न देता, वॉकिंग डेडचा शेवटचा सीझन मधोमध असताना. स्कायबाउंड या दुसऱ्या कंपनीने तो पूर्ण केला म्हणून मार्च २०१९ मध्ये क्लेमेंटाइनचा शेवट बघायला मिळाला. ज्या लोकांनी दर महिन्याला रात्री जागून भाग बाहेर काढले, त्यांच्या वाट्याला हे. मी तरी टेलटेलला पहिला नंबर देऊ शकत नाही, गेम कितीही चांगला असो.

गिरणीचाळ
सगळे चौथ्या नंबरावरून उडी मारून पुढे गेलात. केंटकी रूट झीरोवर एकानेही ओळ लिहिली नाही.

पहिला अंक जानेवारी २०१३, पाचवा जानेवारी २०२०. सात वर्षं. तिघांनी केलेलं काम. चौथ्यानंतर साडेतीन वर्षं मी थांबलो आणि एकदाही वाटलं नाही की आपल्याला फसवलंय, कारण अंकांच्या मधल्या काळात छोटे तुकडे ते फुकट देत होते. निवडींचं म्हणाल, तर तिथे निवडीने गोष्ट वळतच नाही. कॉनवे ट्रक घेऊन सामान पोचवायला निघालाय, त्याच्या कुत्र्याचं नाव काय, तो दारू का सोडून बसलाय, हे तुम्ही उत्तरं निवडून ठरवता. घडायचं ते घडतंच. मल्हारगंजच्या नियमाने तर हा सगळ्यात खोटा, मग चौथा कसा बसवला?

मी तो का सोडू शकत नाही ते सांगतो. त्यात एक खाण आहे, पाणी भरून मजूर बुडालेली, आणि एक वीज कंपनी, जिच्या कर्जात सगळा मुलूख अडकलाय. कॉनवेच्या पायाला दुखापत होते, पुढे तो कर्जबाजारी होतो, आणि ते फेडायला दारूच्या भट्टीवर कामाला लागतो. माझे आजोबा इथल्याच एका गिरणीत होते. गिरणी बंद पडली आणि त्यांच्या घामाचे पैसे मिळायच्या आधी ते गेले. दर रविवारी बंद फाटकासमोर कामगारांची सभा भरायची, मला खांद्यावर घेऊन जायचे. सभेत बोलायचे कमी, एकमेकांची चौकशी जास्त. पोरीचं लग्न जमलं का, डोळ्याचं ऑपरेशन झालं का. केंटकीतली माणसं अगदी तशीच बोलतात. कंपनीला शिव्या घालत नाहीत. थकलेल्या आवाजात एकमेकांना विचारत राहतात. असा गेम दुसरा नाही. माझ्या यादीत पहिला तोच, आणि दुसऱ्या नंबराची जागा रिकामी.

तिलकनगर_ताई
हे वाचून आज रात्री सुरू करते. आता लॅपटॉप बरा आहे.

रामबागकर
गिरणीचाळ, केंटकी वॉकिंग डेडच्या वर गेला तर मी भांडणार नाही. तुझ्याशी नाही.

मल्हारगंजला मात्र एक विचारायचंय. लाइफ इज स्ट्रेंजचा शेवट काय? मॅक्सची मैत्रीण क्लोई वाचवायची किंवा त्यांचं गाव, आर्केडिया बे. दोन पर्याय. पाच भाग जे जे ठरवलं ते दोन्हीकडून पुसलं जातं. क्लोईला जाऊ दिलंस तर तो आठवडाच घडलेला नाही. गाव जाऊ दिलंस तर ज्यांच्याशी बरं-वाईट वागलास त्या सगळ्यांवर वादळ फिरलं. केट गच्चीवरून वाचली, त्याचा हिशोब कुठे राहिला? डग-कार्लीला फसवणूक म्हणतोस, मग याला काय म्हणायचं?

मल्हारगंज_८
तुला तो शेवट कळलेला नाही. त्या टेकडीवर क्लोई स्वतः मॅक्सला म्हणते की मला जाऊ दे. मी नाही जाऊ दिलं. गाव जाऊ दिलं. माझ्या बहिणीने त्याच खुर्चीत बसून क्लोईला जाऊ दिलं आणि मला म्हणाली, एवढ्या माणसांपेक्षा तुला तुझी एक मैत्रीण मोठी वाटली? मी म्हटलं, हो, वाटली, आणि तू माझ्या जागी असतीस तर मला सोडून दिलं असतंस हे आज कळलं. आई मध्ये पडली. आठवडाभर आम्ही ताटावरसुद्धा बोललो नाही. राखीला ती पुण्याहून आली तेव्हा पहिल्यांदा त्यावर शांतपणे बोललो, आणि अजूनही दोघं आपापल्या जागी ठाम आहोत. पडद्यावर गाव राहिलं की गेलं याने मला फरक पडत नाही. मी काय केलं असतं ते मला कळलं. याला पहिला नंबर नाही द्यायचा तर कशाला द्यायचा?

रामबागकर
मग वॉकिंग डेडच्या निवडी खोट्या कशा? ती ओळ काढ यादीतून. नंबराचं नंतर बघू.

मल्हारगंज_८
ओळ काढतो. नंबर तोच राहील.