गाडीला सिम कशाला, मोबाईल आहे की!

घोडबंदरकर: काल इथे एकाने ठासून लिहिलं, 'कनेक्टेड गाडी, म्हणजे स्वतःचं सिम असलेली गाडी, हा पैसे उकळायचा धंदा, होल्डरला मोबाईल लावला की झालं.' वाचून झोप उडाली. मागच्या पावसाळ्यात गायमुखच्या उतारावर माझा भाऊ डंपरवर आदळला. एअरबॅग फुटली, होल्डरमधला मोबाईल उडून सीटखाली. गाडीच्या स्वतःच्या सिमवरून कॉल सेंटरला लोकेशन गेलं, त्यांनी वहिनीला फोन केला. गाडीतूनच मदत मागायची जनरल मोटर्सची सेवा ऑनस्टार १९९६ मध्ये आली. युरोपात २०१८ पासून नव्या मॉडेलांना ई-कॉल, म्हणजे अपघात झाला की गाडीने आपोआप लावलेला फोन, सक्तीचा आहे, थेट ११२ ला लागतो. ही काय थेरं आहेत?

सानपाडा७०५: भाऊ बरे आहेत ना आता? पण माझ्या गाडीचं फुकटचं सबस्क्रिप्शन संपलं आणि आरशाजवळचं एसओएस बटण मेलं. सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो, रिन्यू करा. जीव वाचवणारी वस्तू भाड्याने? अमेरिकेत २०२२ मध्ये थ्रीजी बंद झालं, तेव्हा त्यावरच चालणारी ही सोय कितीतरी धडधाकट गाड्यांतून गेली.

कोपरीकर: शिवाय २०१५ ची जीप विसरलात? दोघा सुरक्षा-संशोधकांनी घरात बसून, गाण्यांच्या सिस्टिममधून आत शिरून, हायवेवर धावती गाडी मंद केली. १४ लाख गाड्या परत मागवाव्या लागल्या.

खारघरचा_राजा: आणि फास्टॅग? गाडी बिल्डिंगखाली, मी जेवतोय, आणि टोल कापल्याचा मेसेज!

घोडबंदरकर: अहो, फास्टॅगचा इथे काय संबंध? त्यात ना सिम ना बॅटरी. नाक्यावरच्या रीडरच्या लहरींवर तो फक्त आपला नंबर सांगतो.

खारघरचा_राजा: संबंध नाही कसा? पैसे माझे गेलेत, तुमचे नाही!

सानपाडा७०५: माझेही दोनदा गेले. टॅग वाचला नाही की गाडीचा नंबर हाताने टाकतात, एक आकडा चुकला की भुर्दंड भलत्याला.

खारघरचा_राजा: मग मी तीन महिने कुणाशी भांडतोय?

कळव्याची_ताई: टोल पुरे आता. एआयएस-१४० या सरकारी मानकामुळे २०१९ पासून नव्या टॅक्सी-बसना ट्रॅकर आणि पॅनिक बटण लागतं. वाशीहून रात्री अकराला येताना ड्रायव्हरने भलताच रस्ता धरला, मी बटण दाबलं. काही नाही. तो म्हणाला, 'मॅडम, ते पासिंगपुरतं आहे.' शेवटी नवऱ्याला मोबाईलवरूनच लोकेशन पाठवलं. तेव्हा त्या कालच्या माणसाला अगदीच मूर्खात काढू नका.

घोडबंदरकर: ताई, तुमच्यापुढे मी गप्प. सबस्क्रिप्शनचंही मान्य, अपघाताचा कॉल गाडीच्या किमतीतच हवा. पण 'होल्डर पुरतो' हे मरेपर्यंत मान्य करणार नाही. सीटखाली वाजणारा तो मोबाईल भावाच्या हाताला शेवटपर्यंत लागला नाही.

सानपाडा७०५: @खारघरचा_राजा, हायवे हेल्पलाइन १०३३ वर तक्रार टाका, आणि त्या वेळचं पार्किंगचं सीसीटीव्ही फुटेज सेक्रेटरींकडून आजच घ्या. नंतर पुसलं जातं.