एकेकोचा खरा चेहरा कोणता?

मूळ मांडणी
बोलिव्हियातील ला पाझ शहरात दर वर्षी २४ जानेवारीला दुपारी बाराच्या ठोक्याला आलासिता या सणाच्या, चिमुकल्या वस्तूंच्या बाजारात झुंबड उडते आणि एकेको, म्हणजे आयमारा या तिथल्या मूलनिवासी लोकांचा समृद्धीचा देव, त्या वस्तूंनी नव्याने मढवला जातो. प्लास्टरचा हा देव गोरा, गुटगुटीत आणि मिशाळ असतो. स्विस प्रवासी योहान याकोब फॉन चुदी यांनी १८५८ मध्ये तिवानाकु या बोलिव्हियातील प्राचीन अवशेषांच्या ठिकाणाहून दारूच्या बाटलीच्या मोबदल्यात नेलेली आणि बर्नच्या संग्रहालयाने २०१४ मध्ये परत केलेली दगडी मूर्ती मात्र सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची असून तिला मिशा नाहीत, पाठीवर सामानही नाही. स्पॅनिश राजवटीने देवाला मालकाचा चेहरा दिला, असे माझे स्पष्ट मत आहे. मूळ मूर्ती घरी परतलेली असताना सणाच्या केंद्रस्थानी तीच असावी आणि डॉलरच्या खोट्या नोटा, चिमुकल्या मोटारी, पासपोर्ट हा पसारा आवरावा.

पहिला प्रतिसाद
मी पूर्णपणे असहमत आहे. आयमारा समजुतीत ‘इल्या’ म्हणजे ज्या लहानशा प्रतिमेत त्या वस्तूच्या वाढीचे सामर्थ्य साठलेले असते ती. कळप वाढावा म्हणून लामाची दगडी प्रतिमा जपली जाई, त्याच श्रद्धेने आज घर बांधू पाहणारे कुटुंब बोटभर उंचीची सिमेंटची पोती आणि विटा घेते, विद्यार्थी पदवीचे प्रमाणपत्र घेतो. वस्तू बदलल्या, त्यांच्यामागची धारणा बदललेली नाही. शिवाय नुसती खरेदी करून काही साधत नाही. यातिरी, म्हणजे आयमारा पुरोहित, ती वस्तू धुरावरून फिरवतो, तिच्यावर मद्य आणि फुलांच्या पाकळ्या शिंपडतो, तेव्हाच ती मागणे होते. आपण ज्याला पसारा म्हणता, ती त्या घराने वर्षभरासाठी मांडलेली इच्छा आहे.

दुसरा प्रतिसाद
वसाहतीचा ठसा पुसायचा, तर प्रथम तारीखच पुसावी लागेल. १७८१ मध्ये तुपाक कातारी यांच्या नेतृत्वाखाली आयमारांनी स्पॅनिश राजवटीविरुद्ध उठून ला पाझला वेढा घातला, शहराची उपासमार झाली आणि त्यानंतर सेबास्तियान सेगुरोला या स्पॅनिश अधिकाऱ्याने हा बाजार ला पाझच्या मातेच्या, म्हणजे मेरीच्या, सणाशी, २४ जानेवारीशी, जोडला, असे सांगितले जाते. आजही अनेक जण यातिरीने मंतरलेली वस्तू चर्चमध्ये नेऊन तिच्यावर पाद्र्यांकडून तीर्थ शिंपडून घेतात. दुसरा मुद्दा अधिक अडचणीचा आहे: अभ्यासक ती दगडी मूर्ती तितिकाका सरोवराच्या परिसरातील, आजच्या पेरूत मोडणाऱ्या पुकारा संस्कृतीशी जोडतात, आणि तिला एकेको ठरवणे हा बऱ्याच नंतरचा अर्थ आहे. ज्या मूर्तीचे नावच वादग्रस्त आहे, तिच्या आधारे लोकांच्या देव्हाऱ्यातील देव खोटा कसा ठरवणार?

मूळ लेखकाचे उत्तर
सिमेंटच्या पोत्यांविषयीचा मुद्दा मला पटला. ‘पसारा’ हा शब्द मी मागे घेतो. युनेस्कोने २०१७ मध्ये आलासिताच्या विधींना अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले ते याच जिवंतपणामुळे, हेही मान्य आहे. परंतु चेहऱ्याविषयी माझे मत कायम आहे. दगडी मूर्तीचे नाव वादग्रस्त असले, तरी समृद्धी देणारा गोरा आणि तिच्यासाठी हात पसरणारा आयमारा, ही मांडणी वेढ्यात लढलेल्यांच्या वंशजांनी वर्षानुवर्षे घरात का ठेवावी?

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर
कारण त्याच्या डोक्यावर आयमारांची कानटोपी आहे, त्याच्या तोंडात सिगारेट तेच पेटवून ठेवतात आणि पाठीवर काय लादायचे तेही तेच ठरवतात. माझ्या मते त्या घरात मालक तो नाही.