स्पॅनिशमधला श्लेष: करामत की गबाळेपणा?

निवांत_पाटा: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, "एका शब्दाचे दोन अर्थ हा स्पॅनिशचा गबाळेपणा, जाणकारांनी कायम हाणून पाडला." कायम? स्पॅनिश लेखक केवेदोच्या 'बुस्कोन' कादंबरीत (१६२६) नायकाचा चोरटा बाप तुरुंगातून सुटतो, सोबत 'दोनशे कार्देनाल'! कार्देनाल म्हणजे बडे धर्मगुरू, आणि फटक्यांचे वळही. वर शेरा, की यातल्या एकालाही कुणी 'महाराज' म्हणेना. त्याच शतकातल्या ग्रासियान या लेखकाने तर अशा शब्दांवर अख्खं प्रकरण लिहिलं. दोन धारांचा शब्द, म्हणाला.

खवचट_आजोबा: कालचा कुणीतरी मीच. ग्रासियान अर्धाच वाचलात. तोच म्हणतो, हे प्रकार फारसे भारदस्त नाहीत, टवाळीला ठीक. १७३७ मध्ये लुसान या समीक्षकाने असल्या कोट्यांची सालटी काढली. मी पोटासाठी अनुवाद केलेत. गाडीच्या माहितीपत्रकात 'गातो' आला, मी मांजर लिहिलं. निघाला जॅक. निम्मं बिल कापलं.

तिखटजाळ: मांजराला गाडीखाली घातलंत आणि दोष भाषेचा? 'गातो' वाचून गायला नाहीत हेच नशीब.

सोलापुरी_चादर: केवेदो राहू दे. 'सोलो'चं काय? 'त्राबाखो सोलो लोस दोमिंगोस': रविवारी एकटा राबतो, की फक्त रविवारीच? 'फक्त'साठी पहिल्या 'ओ'वर आघाताचं चिन्ह देत, प्रश्न मिटायचा. २०१० मध्ये स्पॅनिश भाषेची अकादमी म्हणाली, गरज नाही.

निवांत_पाटा: विषय काय, चाललंय काय.

सोलापुरी_चादर: हाच विषय! लेखक खवळले, कित्येकांनी चिन्ह सोडलंच नाही. २०२३ मध्ये अकादमी नरमली: संदिग्ध वाटलं तर लिहिणाऱ्याने ठरवावं. आमचे अनुस्वार १९६२ च्या नियमांनी उडवले, ते कोण परत देणार? आजीचं 'नांव' मी अजून टिंब देऊनच लिहिते.

तिखटजाळ: आलं टिंब! ताई, संदर्भाने कळतं की. रोज बोलताना चिन्ह ऐकू येतं का?

सोलापुरी_चादर: करारावर सही करताना संदर्भ चाटायचा का? आणि ताई म्हणू नका.

निवांत_पाटा: आजोबा, लुसान झाला. पण त्याच शतकात, १७२६ पासून, अकादमीने पहिला कोश काढला, त्यात दाखले म्हणून केवेदोची वाक्यं भरभरून घेतली. हाणून पाडलेल्या माणसाला कोशात बसवतात होय?

खवचट_आजोबा: बरं, 'कायम' मागे घेतो. कार्देनाल वाचून हसलोही, लिहून ठेवा. पण पोट कोट्यांवर भरणाऱ्यांनी मला शिकवू नये. आणि त्या 'सोलो'चा वेगळा धागा काढा कुणीतरी.

सोलापुरी_चादर: काढला.