मदत हवी आहे: सिनेमातला शार्क आणि खरा शार्क, लेकीला कसं समजावू?

नमस्कार मंडळी, कोल्हापूरहून लिहितेय. लेक सातवीत आहे. सुट्टीत मामाकडे सगळ्या भावंडांनी मिळून 'जॉज' आणि 'द मेग' लागोपाठ पाहिले. त्यानंतर तारकर्लीला गेलो, तर पोरगी घोट्याच्या वर पाण्यात उतरली नाही. आता इथे पोहण्याच्या तलावातही जात नाही. "घाबरू नको" म्हणून भागत नाही, तिला कारण लागतं. म्हणून वाचून वाचून तिच्याशी बोलतेय.

'जॉज'मधला शार्क २५ फुटांचा, खरा ग्रेट व्हाइट मोठ्यात मोठा २० फुटांच्या आसपास. 'द मेग'मधला मेगॅलोडॉन हा प्राचीन महाकाय शार्क तर ३० लाख वर्षांपेक्षाही आधी संपला. शिवाय तो उबदार पाण्यातला, सिनेमातल्यासारखा खोल अंधाऱ्या खंदकात राहणारा नव्हेच. एवढं तिला पटलं.

सगळ्यात जास्त पटलं ते मासळी बाजारात. मावशींकडून हातभर लांबीची मोरी, म्हणजे छोटा शार्कच, घेतली. डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर गुळगुळीत, उलटा फिरवला की पॉलिश पेपर! कातडीवर दातांसारखेच बारीक खवले असतात. मावशी म्हणाल्या, "मोरीला काटा नसतो, बाई." खरंच, आत हाडं नाहीत, सगळी कूर्चा, आपल्या कानाच्या पाळीच्या वरच्या भागासारखी. पुढचे पर ताठ, वर वळत नाहीत, म्हणून शार्कला मागे पोहता येत नाही, हे लेकीने स्वतः पर हलवून पाहिलं. 'डीप ब्लू सी' सिनेमातले शार्क मागे पोहतात, तेही मग तिला सांगितलं.

आता अडलंय ते इथे. शार्कच्या नाकाडावर बारीक भोकं असतात, त्यांतून त्याला दुसऱ्या जिवाच्या स्नायूंची सूक्ष्म वीज जाणवते. हे खरं आहे आणि मी खरं तेच सांगितलं. ती पटकन म्हणाली, "म्हणजे मी गप्प थांबले तरी माझं काळीज धडधडलेलं त्याला कळणार?" ही जाणीव अगदी जवळ, हातभर अंतरातच चालते, वाळूत दडलेला मासा शोधायला उपयोगी पडते, असं मी म्हटलं. पण त्या रात्री ती माझ्याजवळ येऊन झोपली.

तिच्याशी खोटं बोलायचं नाहीये. तुमच्यात कोणी विज्ञान शिकवणारे, किनाऱ्यावरचे किंवा समुद्रात डायव्हिंग करणारे असाल, तर ही एक गोष्ट बारा वर्षांच्या मुलीला भीती न वाढवता कशी सांगाल? घरी करून दाखवता येईल असा एखादा प्रयोग आहे का? दिवाळीत पुन्हा मालवणला जायचंय.