फोटोवर खरं बोलायचं, की "एक नंबर" म्हणून पुढं जायचं?

माळावरचा
गड्ड्याची यात्रा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा झाली की सोलापुरात घरोघरी तेच फोटो निघतात. संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, पांढऱ्या बाराबंदीतले, म्हणजे बंदांनी बांधायच्या अंगरख्यातले मानकरी, मिरवणुकीत पेलून नेले जाणारे सात उंच नंदीध्वज. आणि कुणीही दाखवला तरी ऐकू येतं तेच: "कडक", "एक नंबर". ज्याला फोटोग्राफी मनापासून शिकायची आहे त्याला एवढंच म्हणून सोडणं मला अन्यायाचं वाटतं.

यंदा एका तरुणाने अक्षतांचा फोटो दाखवला. क्षण अचूक पकडला होता, हात वर, अक्षता हवेत. पण सगळ्या बाराबंद्या करड्या, मळकट दिसत होत्या. कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर समोरचं दृश्य मध्यम करड्या छटेचं धरून मोजतो, म्हणून चौकटीत पांढरं जास्त आलं की फोटो काळवंडतो. अशा वेळी एक्स्पोजर, म्हणजे आत येणारा प्रकाश, थोडा चढवायचा, कधी अर्धा स्टॉप, कधी एक (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश), आणि फोटोतला उजेड-अंधार दाखवणाऱ्या हिस्टोग्रामच्या आलेखावर लक्ष ठेवायचं. नाहीतर उन्हात कापडाच्या चुण्या पार उडून जातात. हे त्याला तिथं जमलेल्यांपैकी कुणीच सांगितलं नव्हतं, आणि त्यांच्यात वर्षानुवर्षं लग्नाचे फोटो काढणारे होते. पांढऱ्या कपड्यांचा हा प्रश्न त्यांना रोजचा. मग गप्प का बसायचं?

बाळीवेसकर
दादा, त्याने विचारलं होतं का? सिद्धेश्वराच्या यात्रेचा फोटो माणूस आनंदाने दाखवतो, परीक्षेला बसल्यासारखा नाही. मी चांगल्या हाताच्या दोन-तीन मुली बघितल्या आहेत, ज्यांनी चारचौघांत बोलणी खाल्ल्यावर फोटो दाखवणंच बंद केलं. बोलणारा ज्येष्ठ होता आणि त्याचा एकेक मुद्दा बरोबर होता. मुली गेल्या त्या गेल्याच. शिकायला माणूस टिकला पाहिजे आधी. न मागता टीका करू नये, आणि मागितली तरी बाजूला घेऊन सांगावं, असं माझं ठाम मत आहे.

धोटा
तुम्ही दोघंही फोटोवाल्यांनी फोटोवाल्यांना काय सांगावं यावरच बोलताय. फोटोत जो आहे त्याला कोण विचारतं?

मी सोलापूरच्या पूर्व भागातला, वडील यंत्रमागावर होते. आमच्या शेजारच्या कारखान्यातला एक फोटो खूप गाजला. पत्र्याच्या फटीतून आलेले उन्हाचे किरण, मागावर हात ठेवून कॅमेऱ्याकडे बघणारा कामगार. जाणकारांनी प्रकाशाची वाहवा केली. वडिलांना दाखवला तर म्हणाले, "माग बंद करून उभं केलंय की ओ त्याला." चालू मागावर नजर धाग्यावर असते. ताण्यातला, म्हणजे उभा धागा तुटला की माग थांबवून तो सांधायचा, आडव्या धाग्याची कांडी संपली की बदलायची. कॅमेऱ्याकडे बघायला सवड कुठली? आणि ते किरण इतके ठळक दिसतात ते हवेतल्या कापसाच्या धुळीमुळं. तीच धूळ कामगाराच्या छातीत जाते. फोटो काढणाऱ्याला हे ठाऊक असतं तर त्याने वेगळा फोटो काढला असता. अशी टीका कुठल्या परीक्षकाकडून मिळणार?

माळावरचा
धोटा, हे फार मोलाचं आहे. यापुढे चादर कारखान्यात जो कुणी फोटो काढेल त्याने आधी तिथल्या माणसाला प्रिंट नेऊन दाखवावी, असं मी सगळ्यांना सांगणार आहे.

ताई, विचारूनच बोलावं हे मान्य. पण "बाजूला घेऊन" हे पटत नाही. उघड बोललं की बाकीचेही शिकतात. मॅग्नम ही छायाचित्रकारांची संस्था 1947 पासून आहे. तिथं आधीचे सभासद नवख्याचं काम बघून मत देतात, आणि पूर्ण सभासद होण्याआधी आणखी पायऱ्या चढाव्या लागतात. आपले रघू राय 1977 मध्ये तिथं गेले ते मॅग्नमच्या संस्थापकांपैकी एक, कार्तिए-ब्रेसाँ यांनी नाव सुचवल्यावर. तोवर त्यांचं नाव देशभर झालं होतं. तयार माणसाचं कामही सगळ्यांसमोर टेबलावर येतं. आपण मात्र पहिल्या कॅमेऱ्यालाच "तू पोहोचलास" म्हणून मोकळे होतो.

चौकटीबाहेर
टीकेनं सगळ्यांचे फोटो एकसारखे होतात, हे कुणी बोलत नाही. विषय मधोमध नको, क्षितिज सरळ हवं, कुणाचा हात कापला जाऊ नये. नंदीध्वज पेलणारा माणूस चालतो, तोल सावरतो, ध्वज वर डोलत राहतो. एका पोराने पंधरांश सेकंदाला फोटो काढला. चेहरे फिसकटलेले, पण त्या ध्वजाचं वजन जाणवत होतं. त्याला काय ऐकवलं? "हात हलला, शटर वाढव." पुढच्या वर्षी त्याने हजारांशला काढला. नंदीध्वज खिळ्यासारखा गोठलेला, अगदी बाकीच्यांसारखा. टीका खरी होती, पण करणाऱ्याने "तुला काय दाखवायचं होतं?" एवढं आधी विचारलं नाही.

माळावरचा
तो प्रश्न पहिला यायला हवा. मान्य.

गवताळ
एक बाब राहिली, आणि तिथं विचारण्याची वाट बघता येत नाही. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर आणि आजूबाजूच्या गवताळ भागात जमिनीवर अंडी घालणारे पक्षी आहेत: टिटवी, धाविक, चंडोल. माळढोकही जमिनीवरच अंडं घालतो, बहुधा एकच, आणि तो आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाही दिसत नाही. फोटोवाला घरट्याजवळ बसून राहिला की पक्षी अंड्यावरून उठतो. आपल्याकडचा उन्हाळा चाळिशी पार करतो. उघड्यावर पडलेलं अंडं किती वेळ तग धरणार? शिवाय माणूस जिथं रेंगाळतो तिथं कावळे आणि कुत्रीही पोहोचतात. म्हणून कित्येक स्पर्धा घरट्याचे फोटो घेतच नाहीत. असा फोटो दिसला की मी लगेच, सगळ्यांदेखत बोलतो. फोकस कितीही नेमका असो. पाहून चार जण उद्या तिथंच जाणार असतात, त्यांनाही ते ऐकू गेलं पाहिजे.

बाळीवेसकर
गवताळ, पक्ष्याच्या बाबतीत एक शब्दही आड येणार नाही. तिथं जीव जातो, तिथं बोलायलाच हवं, आणि उघडच. पण बाराबंदी करडी आली म्हणून कुणाचा जीव जात नाही, म्हणून तिथं मी विचारल्याशिवाय बोलणार नाही. दादांचं मॅग्नमचं उदाहरण मला लागू वाटत नाही. तिथं माणूस स्वतःहून काम घेऊन जातो, काय ऐकावं लागेल हे ठाऊक असताना. पहिल्यांदा कॅमेरा हातात घेतलेली मुलगी तशी येत नाही.

माळावरचा
मग तिने यावं असं आपण काय करू? मी माझ्या ओळखीतल्या मुलांना एक सवय लावतोय. फोटो दाखवताना सोबत एकच प्रश्न विचारायचा: "चेहऱ्यावर प्रकाश कमी पडला का?", "डावीकडचा खांब काढून टाकू का?" प्रश्न असला की उत्तरही तेवढ्यावरच येतं, आणि विचारणारी तयार असते.

बाळीवेसकर
हे चालेल मला. प्रश्न तिचा, उत्तर तेवढंच. पण उत्तर देणाऱ्याने तिथंच थांबायचं. खांबाबद्दल विचारलं आणि पाच मिनिटं तिच्या लेन्सवर बोलत बसला, तर मी पुन्हा माझ्या जागेवर.